कसली प्लेट?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या टूल्सच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाईक कायम उभं असतं. स्टूलवर नाना असतात. टूलरूममध्ये उभा जन्म घालवून रिटायर झालेले. दुकानाशी नातं नाही, पगार नाही, तरी त्यांना ओलांडून काउंटरपर्यंत जाता येत नाही. असे नाना सातपूरला वेगळे, सिन्नरच्या माळेगावला वेगळे.

"पन्नासचा होलसॉ द्या." म्हणजे पन्नास मिलीचं गोल भोक पाडणारा कटर.

"कशात मारायचाय?" मालकाच्या आधी नाना.

"प्लेटमध्ये."

"कसली प्लेट? मिसळीची?"

"एमएस, नाना. माइल्ड स्टील."

"जाडी?"

"असेल आठ-दहा."

"आठ की दहा?" शर्टाच्या खिशातून व्हर्नियर निघतो. मोजायला प्लेट कुठाय? पोरगं आल्या पावली परत जातं. मालक कपाळावर हात मारतो, पण स्टूल काही हलवत नाही. नानांच्या संमतीने गेलेला कटर बदलून मागायला कोणी येत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

नानांची व्यवस्था ठरलेली आहे. पॅनेलच्या दोन-तीन मिलीच्या पत्र्याला केबल ग्लँडची भोकं पाडायची तर कार्बाइड दातांचा आखूड कटर. त्याला कॉलर असते, आरपार गेला तरी आत घुसत नाही. हातड्रिलवर जाड प्लेट घ्यायची तर बायमेटल. कार्बाइडचे दात कडक, पण तितकेच ठिसूळ. हात हलला की टवका उडालाच. आणि दहा-बारा मिलीला रांगेने भोकं असतील तर हातड्रिलचा नाद सोडायचा आणि मॅग्नेटिक ड्रिल लावायचं. "कटर महाग पडतो, नाना." "खांदा फुकट मिळालाय का?"

खरे नाना पाहायचे ते दुसऱ्याचं ड्रिल चालू असताना. पन्नासच्या बायमेटलला एमएसमध्ये दीडशे-पावणेदोनशे आरपीएम पुरतात. पोरं ट्रिगर पुरता दाबतात. ची-ची आवाज समोरच्या गाळ्यातून आला तरी नाना चहाचा कप खाली ठेवून निघतात. आधी खाली पडलेला कीस चिमटीत घेऊन चोळतात. "हा भुगा आहे. घासतोयस तू, कापत नाहीयेस." मग स्वतः पंच मारून कटरच्या मधलं पायलट ड्रिल टेकवतात आणि कटरच्या दातांनी वर्तुळाची हलकी रेघ पाडतात. त्या वर्तुळाला आतून चिकटून सहा मिलीचं एक भोक पाडतात, म्हणजे कीस तिथून खाली गळतो आणि दातांत अडकत नाही. कटिंग ऑइलचे चार थेंब टाकतात आणि ड्रिल इतकं सावकाश फिरवतात की बघणाऱ्याला जांभई यावी. एसएसला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, मात्र गोंजारलेलं त्यांना खपत नाही. दात नुसते घासले की तो कडक होतो, मग कटर काय, देवही आत जात नाही. वेग कमी आणि दाब एकसारखा, बस.

भोक आधीच पडलेलं असेल आणि मोठं करायचं असेल, तर पायलटला आधार राहत नाही आणि कटर प्लेटभर नाचतो. नाना हव्या त्या मापाचं भोक पाडलेली प्लायवूडची फळी वर क्लॅम्प करतात आणि कटर तिच्यातून खाली उतरवतात. ही युक्ती ते फुकट सांगतात, पण रागावल्याशिवाय नाही.

सध्या त्यांचा राग जास्त आहे. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आल्याने जो तो घाईत. "नाना, सिंहस्थाची ऑर्डर आहे हो!" "सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येतो. कटरचे दात येत नाहीत."

नानांच्या पुतण्याने लेझर कटिंग टाकलंय. चहा निवायच्या आत प्लेटला वीस भोकं. नाना पाहायला गेले, व्हर्नियर घालून वरचं माप आणि खालचं माप घेतलं, फरक सापडला आणि दिवसभर खुशीत होते.

तरीही उभ्या केलेल्या कॉलमला साइटवर भोक हवं असलं की लेझर तिथे नेता येत नाही. मग नानांना फोन जातो. ते येतात, मॅग्नेटिक ड्रिलला आधी साखळी बांधतात, कारण वीज गेली की चुंबकही गेला. अशा वेळी त्यांना चहा द्या, एक्स्टेन्शन बोर्ड द्या, पण "नाना, जरा लवकर आटपा" एवढं म्हणू नका. ते साखळी सोडून घरी जातात.