कूपन वापरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (अप्पांनी तपासलेली)

किराण्यात पैसे वाचवू इच्छिणाऱ्याने प्रथम एक मोकळी सकाळ, एक जवळचा चष्मा आणि एक सासरे मिळवावेत. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही जमतात. तिसरी मला लग्नात मिळाली. आमचे अप्पा एका बँकेच्या तपासणी खात्यात छत्तीस वर्षं होते. दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यातली खोटी रिक्षाभाडी हुडकणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ती नजर कुठे तरी वळायला हवी होती. वर्षभर ती माझ्या फोडणीवर होती. मग एके दिवशी वर्तमानपत्रातून सुपरमार्केटचं रंगीत पत्रक पडलं आणि मी सुटले.

पुढचे नियम मी त्यांच्या मागे पिशव्या घेऊन उभी असताना टिपले आहेत. मसुदा त्यांनी लाल पेन्सिलीने तपासला असून चार ठिकाणी समासात ‘पुरावा?’ असं लिहिलं आहे.

नियम पहिला. कूपन कात्रीने कापावं, फाडू नये. फाडताना बारकोडचा कोपरा जातो आणि काउंटरवरची मुलगी ‘काका, हे घेत नाहीये’ म्हणून मोकळी होते. कापलेलं कूपन मुदतीच्या क्रमाने लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटात ठेवावं. आमचं पाकीट एका चुलत नणंदेच्या लग्नाचं आहे. लग्न टिकलं नाही, पाकीट अजून घट्ट आहे. मुदतीच्या तारखा कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाखाली उतरवाव्यात.

कुठल्याही शास्त्राला पूर्वपीठिका हवी, असा अप्पांचा आग्रह आहे. तेव्हा ती अशी: अमेरिकेत अटलांटा शहरात 1887 साली कोका-कोलावाल्यांनी एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, तेच पहिलं कूपन मानतात. हे ऐकून सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, ‘भाजीवाली वरून कोथिंबीर घालते, ती काय नंतर घालायला लागली?’ अप्पांनी इथेही ‘पुरावा?’ लिहिलं आहे.

नियम दुसरा. कूपनाची मागची बाजू आधी वाचावी. पुढची वाचूच नये.

नियम तिसरा खरेदीच्या किमान रकमेचा. याच्यावर घरं मोडतील, म्हणून जरा सविस्तर सांगते. कूपनावर लिहिलेलं असतं: 999 रुपयांच्या खरेदीवर 100 रुपये सूट. आमची यादी झाली 871 रुपयांची. समजूतदार माणसाने 871 द्यावेत आणि घरी जावं. अप्पा ट्रॉली घेऊन परत आत गेले. वीस मिनिटांनी आले ते हातात बाटली घेऊन, 135 रुपयांची, हालापेन्यो नावाच्या मेक्सिकन मिरच्यांची. आमच्या घरात ठेचा खलबत्त्यात कुटला जातो आणि शेजारी ठसकतात. तिथे या व्हिनेगरातल्या मिरच्या. बिल झालं 1006, वजा 100, म्हणजे 906.

‘अप्पा, पस्तीस रुपये जास्त गेले,’ मी म्हटलं.

‘चूक. एकशे पस्तीसची बाटली पस्तीसला पडली.’

मी रिक्षात बसून गणित दोनदा केलं. दोघांचंही बरोबर येतं, हीच कूपन काढणाऱ्याची हुशारी आहे. ती बाटली अप्पांनी एकट्याने महिनाभर थालीपीठाशी खाल्ली. शेवटच्या आठवड्यात तर ‘सवय झाली की बरी लागते’ असंही म्हणाले. पण त्या पराभवातून पोटनियम निघाला, आणि तो मात्र सोन्यासारखा आहे: किमान रक्कम गाठायला जी भरती करायची ती न नासणाऱ्या आणि घरात लागणाऱ्याच वस्तूंची करावी. मीठ, काडेपेटी, भांडी घासायचा साबण, सुईदोरा. भरतीची यादी घरूनच न्यावी. दुकानात सुचलेली भरती हालापेन्यो होते.

नियम चौथा. उपाशीपोटी जाऊ नये. नातवाला नेऊ नये. दोन्ही एकदम तर मुळीच नाही.

नियम पाचवा. ‘फ्री’ या शब्दाचा आदर करावा, पण त्याला घरात घेऊ नये. धुण्याच्या पावडरीवर बादली फ्री मिळते. आमच्याकडे अशा पाच निळ्या बादल्या आहेत, एकात एक बसवून गॅलरीत ठेवलेल्या. सहावी आली त्या दिवशी सासूबाईंनी तीत अळू लावला. त्याचं फदफदं उत्तम होतं, तेवढी ती योजना यशस्वी म्हणायची.

आता जरा खरं ज्ञान. एमआरपी म्हणजे वस्तूची किंमत असं बहुतेकांना वाटतं. ती जास्तीत जास्त किंमत आहे, सगळे कर धरून. त्याहून स्वस्त विकायला दुकानदाराला कुणाची बंदी नाही. म्हणून ‘एमआरपीवर 20 टक्के सूट’ वाचून अंगावर मूठभर मांस चढवून घेऊ नये. एमआरपी छापणारा वीस टक्के आधीच चढवू शकतो. बघायचं ते एककाचा भाव. 2022 मध्ये नियम बदलल्यापासून पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा, मोठ्या पाकिटावर किलोचा किंवा लिटरचा भाव छापावा लागतो. छापतात, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. जवळचा चष्मा त्यासाठीच.

तेलाच्या पिशव्यांसमोर अप्पा अर्धा तास काढतात तोही उगीच नाही. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारची पिशवी दिसायला तेवढीच, दहा रुपयांनी स्वस्त, वर पाच रुपयांचं कूपन. आणि आत 850 ग्रॅम. अप्पा ती पिशवी उचलून अनोळखी बायकांना दाखवतात. ‘ताई, साठ ग्रॅम कमी आहे यात.’ बायका आधी पर्स सावरतात, मग पिशवी परत ठेवतात. एकदा तिथल्या मॅनेजरने येऊन ‘काका, काही मदत हवी का’ असं विचारलं. अप्पा म्हणाले, ‘नको, मीच करतोय.’

डाळ-तांदळाचंही तसंच. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी आला, सुट्या डाळीवर नाही. म्हणजे पाकिटावर पाच टक्क्यांचं कूपन मिळालं तर आपण जिथल्या तिथे. ही तारीख अप्पांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे.

नियम सहावा, जुन्या काळाचा. आता निरुपयोगी, पण अप्पा तो काढू देत नाहीत. ह्यांच्या कंपनीतून सोडेक्सोची कागदी कूपनं मिळायची. जेवणापोटीची म्हणून एका जेवणामागे पन्नास रुपयांपर्यंत प्राप्तिकर नसायचा. जेवायची सोडून सगळे त्यांचा किराणा भरत. त्यात दोन अडचणी: साबण-टूथपेस्ट चालायची नाही, आणि वर सुटे मिळायचे नाहीत. बिल 348 झालं तर दोन रुपये दुकानदाराला दान. तेव्हा अप्पांनी बरोबर 350 चं बिल करायची विद्या साधली होती. गूळ वजनावर घ्यायचा तो शेवटी घ्यायचा. ‘अजून थोडा. थोडा. बस!’ काट्यावर बारीक खडा टाकणाऱ्या त्या पोऱ्याच्या चेहऱ्यावर मी घाम पाहिला आहे. बरोबर 350 झाले की अप्पा सात कूपनं पत्त्यांसारखी पसरून काउंटरवर ठेवत आणि पंखा झाल्यावर एकदा मागे वळून रांगेकडे बघत. 2017 सरताना कागदी कूपनं बंद झाली, कार्ड आलं. कार्डातून 348 च जातात. ‘यात काय राहिलं?’ असं अप्पा तेव्हा म्हणाले होते.

नियम सातवा. सासूबाईंना हे काहीही सांगू नये. त्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातात. तिथे कूपन नाही, पत्रक नाही, गुळगुळीत झालेला एक लाकडी गल्ला आहे. वाणी म्हणतो, ‘काकू, आज तूर नका नेऊ, मंगळवारी नवीन माल येतोय.’ असं वाक्य कुठल्याही कूपनावर मी अजून वाचलेलं नाही. अप्पांचं मत विचाराल तर ही लाच आहे. पण महिनाअखेरीस दोघांच्या पिशव्यांचा हिशेब त्यांनीच मांडला, तपशीलवार, दोन रकान्यांत. निकाल जाहीर झालेला नाही. कागद लग्नपत्रिकेच्या पाकिटात सगळ्यात मागे आहे. मी पाहिला आहे, आणि या घरात मला अजून राहायचं आहे.

खरं तर अप्पांना हे वेड कुठून लागलं ते मला उशिरा कळलं. तरुणपणी ते मुंबईत मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघात होते. 1975 साली ती सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, माल एकत्र एका घरी उतरायचा आणि ज्याचं त्याला आपणच वाटायचं. अप्पांच्या दोन खोल्यांत तांदळाच्या गोण्या उतरायच्या, याद्या वाचायचं काम अप्पांचं. एकदा बोलता बोलता म्हणाले, ‘दहा बिऱ्हाडं होतो. भाव आम्ही विचारायचो.’ पुढे काही बोलले नाहीत, चष्मा पुसायला घेतला. आता भाव विचारायला ते एकटे असतात. सोबत मी, पिशव्या धरायला.

नियम आठवा मोबाइलचा, आणि तो माझा आहे, कारण अप्पांना ॲप पटत नाही. ॲपवरचं कूपन कापता येत नाही, पाकिटात बसत नाही आणि रात्री बाराला मरतं. सूट 75 ची दिसते. खाली हाताळणी, घरपोच आणि पाऊस पडत असला तर पावसाचेही पैसे लावतात. पैसे भरण्याआधी एकदा शेवटची ओळ बघावी, एवढाच नियम. मी या भानगडीत पडत नाही, असं मी वर कुठे तरी लिहिलं होतं. अप्पांनी ते खोडलं आहे, पुराव्यासह.

पुरावा गेल्या गुरुवारचा. रात्रीचे पावणेबारा, स्वयंपाकघरात दिवा न लावता मी उभी. 499 ला 75 सूट, माझे झाले होते 471. अठ्ठावीस रुपयांसाठी मी कधी चीजचा तुकडा टाकत होते, कधी काढत होते. मागे चपलांचा आवाज झाला.

‘किती कमी आहेत?’

‘अठ्ठावीस.’

अप्पा पाणी प्यायले. भांडं उपडं घातलं.

‘काडेपेट्या?’

‘एकोणतीस आहेत घरात.’

‘मग मीठ घाल,’ ते म्हणाले, आणि चष्मा आणायला गेले.