आमच्या मिस्तरींना खुलं पत्र

मिस्तरी,

पत्र खुलं लिहितोय, कारण तुमच्या दारात रोज आठ-दहा गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्या मालकांनाही हे कळायला हवं.

दिवाळीच्या आधी तुम्ही माझ्या चारशेसात टेम्पोच्या जॉइंट शाफ्टचा मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा वाकता सांधा, बदललात. अर्ध्या तासात गाडी बाहेर. त्या अर्ध्या तासात तुम्ही काय काय केलंत, ते मला आता ठाऊक आहे. परवाच्या रविवारी तो शाफ्ट मी घरच्या अंगणात उतरवला आणि तुमचं काम उलगडून पाहिलं.

चारच महिन्यांत गाडी बोलायला लागली होती. रिव्हर्समधून पहिला टाकला की खालून टक्क. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव. पन्नासच्या पुढे गेलं की केबिनचा पत्रा थरथरायचा. मी गाडी तुमच्याकडेच आणली. तुम्ही खाली वाकलासुद्धा नाहीत. उभ्या उभ्या टायर बदला म्हणालात.

घरी मी गाडी रिकामी केली आणि चारही चाकांना पुढून-मागून दगड लावले. शाफ्ट निघाला की गिअर आणि चाकं यांचा संबंधच तुटतो, गाडी गिअरवर थांबत नाही. फ्लँजवर आणि क्रॉस धरणाऱ्या दोन्ही योकवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, मग बोल्ट सोडले. क्रॉसच्या चार दांड्यांवरच्या चार कपांपैकी एकाभोवती कुंकवासारखी तांबूस पूड जमली होती. ग्रीस संपून कपातल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या घासल्या आणि गंजल्या की अशी पूड पडते. ती बघायला गाडी उघडायची गरज नव्हती. बॅटरी घेऊन नुसतं वाकायचं होतं.

गोटीपान्याच्या लहान गोटीने एक कप दाबला, समोरचा मोठ्या गोटीत उतरला. तीन कप ठीकठाक निघाले. चौथ्याची सर्क्लिप, म्हणजे कप जागेवर धरणारी कडी, खाचेत अर्धीच होती आणि कपाच्या पाठीवर हातोड्याचे घाव होते. कप डिझेलमध्ये धुतला. आतल्या सगळ्या सुया कडेने उभ्या असायला हव्यात. एक तळाशी आडवी पडलेली होती, चेपून वाकडी झालेली. बसवताना ती तुमच्या हातून पडली, म्हणून कप पूर्ण आत जाईना, म्हणून सर्क्लिप खाचेत बसेना. कप बाहेर काढून सुई उभी करायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही हातोडा उचललात. क्रॉसच्या त्या दांड्यावर सुयांच्या खोल रेघा उमटल्या आहेत, नख अडकतं त्यांत.

ग्रीस भरायच्या निपलचंही तेच. क्रॉस असा फिरवून बसवलात की निपल योकच्या आड गेलं, ग्रीस गनचं तोंड तिथे पोचतच नाही. दर सर्व्हिसिंगला ग्रीसिंगचे पैसे मात्र मी तुम्हाला मोजले. ग्रीस गेलं असतं, तर चारही कपांच्या सिलांतून थोडं थोडं बाहेर आलं असतं. तिथे थेंबभरही नव्हतं.

तिसरी चूक मला जास्त लागली, कारण तिच्यासाठी खडूची एक रेघ पुरली असती. शाफ्टचा सरकता तुकडा तुम्ही खूण न करता वेगळा केलात आणि जोडताना दाते चुकवलेत. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत राहिले नाहीत. एकटा क्रॉस वाकून फिरताना एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांचा वाक असला, तर हा फरक दीड टक्क्यापर्यंत जातो. सतराव्या शतकात शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला, तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. म्हणून तर शाफ्टला दोन क्रॉस असतात: एकाची चाल दुसरा भरून काढतो, पण योक एका रेषेत असले तरच. तुम्ही जोडलेला शाफ्ट मिनिटाला हजारावर फेरे घेत होता आणि प्रत्येक फेऱ्यात गाडीला झटके देत होता. त्यावर तुम्ही मला टायर बदलायला सांगत होतात.

ही गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो. निफाडहून कांदा भरून कसारा घाटाने वाशीला. घाट उतरताना भरलेली गाडी खालच्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर धरलेली असते. तिथे क्रॉस तुटला तर ती पकड त्याच क्षणी जाते, आणि सुटलेला शाफ्ट खाली आपटत फिरतो. ब्रेकचा पाइप त्याच्या वाटेत आला, तर तोही जातो. तुम्ही त्याला ओळखता. तुमच्याकडे चहा प्यायला आहे तो.

मला या कामाला अख्खी दुपार लागली. नवीन क्रॉस घालताना कपात आधी बोटाने ग्रीस भरलं, म्हणजे सुया ग्रीसला चिकटून उभ्या राहतात. क्रॉस आत धरून ठेवला आणि दोन्ही बाजूंचे कप सरळ, थोडे थोडे दाबत नेले. सर्क्लिप खाचेत बसल्यावर योकला बाहेरून हलकी टिचकी दिली, क्रॉस बोटाने फिरायला लागला. निपल खाली, हाताला येईल असं. काल नाशिकपर्यंत गाडी नेऊन आणली. पत्रा थरथरला नाही.

पैसे परत नकोत. तुमच्याकडे दोन पोरं काम शिकतात, त्यातलं एक त्या दिवशी कप धरून बसलं होतं आणि तुमचा हातोडा बघत होतं. उद्या ते स्वतःचं गॅरेज टाकेल. त्याला हातोड्याच्या आधी खडू आणि ग्रीस हातात घ्यायला शिकवा.

तुमचा बारा वर्षांचा गिऱ्हाईक