आमटीत गूळ कोणी घातला?

ज्येष्ठांच्या वसाहतीच्या जाहिरातीतलं जोडपं तुम्ही पाहिलं असेलच. केस पांढरेशुभ्र, पण भरघोस. गुडघे शाबूत. चेहऱ्यावर सातव्या वेतन आयोगाची थकबाकी जमा झाल्याचं तेज. बावधन, भूगाव, तळेगाव. पुण्याच्या आसपास जिथे म्हणून टेकडीचा तुकडा शिल्लक आहे, तिथे हे जोडपं फलकावर कॉफी पीत बसलेलं असतं. आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत असतात. पन्नास वर्षं संसार केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, हे नवरा-बायको नाहीत एवढं तो फोटोवरून सांगेल.

आतलं वेळापत्रकही तसंच तुकतुकीत. सहाला प्राणायाम, साडेसातला हास्यक्लब, दहाला स्मरणशक्तीचे खेळ, चारला भजन नाहीतर तंबोला, सहाला 'मोबाइल शिकूया'. थोडक्यात बालवाडी, फक्त घरून डबा आणायची सोय नाही. पंचविशीतली एक उत्साही मुलगी टाळ्या वाजवत म्हणते, "चला आजी-आजोबा, सगळ्यांचे हात वर!" वर जाणाऱ्या हातांत एक हात धरणाच्या नकाशांवर सह्या केलेला असतो, एक तीस वर्षं शस्त्रक्रिया केलेला, आणि एका हाताच्या धाकाने तर अख्खी शाळा चिडीचूप बसायची. सगळे निमूट वर जातात. नंतर उपमा असतो.

हास्यक्लबाची जन्मकथा मोठी बोलकी आहे. डॉ. मदन कटारियांनी 1995 च्या मार्चमध्ये मुंबईतल्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. आधी रोज विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत बरे विनोद संपले आणि उरले ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. मग कारणाशिवायच हसायचं ठरलं आणि ती पद्धत जगभर गेली. ज्येष्ठांच्या वसाहतीत ती विशेष रुजली, याचं मला नवल वाटत नाही. दर महिन्याला देखभाल शुल्काचं बिल हातात पडतं तेव्हा हा सराव फार कामी येतो.

काळजीच्या बाबतीत मात्र बोलायला जागा नाही. महारेराने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दार किमान 900 मिलिमीटर रुंद, फरशी न घसरणारी, न्हाणीघरात धरायला दांडे, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट. उत्तमच आहे. खुबा मोडलेल्या माणसाला लोकशाही सुचत नाही, त्यामुळे आधी फरशी, हे मान्य. माझ्या माहितीतल्या एका वसाहतीत न्हाणीघरात लाल दोरीही आहे. पडलात की ओढायची, रखवालदार धावत येतो. पहिल्याच महिन्यात दोघी-तिघींनी टॉवेल वाळत घालताना ती ओढली, रखवालदार नको त्या वेळी धावत आला, आणि तेव्हापासून निम्म्या घरांत ती दोरी गुंडाळून वर खिळ्याला बांधलेली आहे.

दार किती रुंद ते ठरलं. त्या दारातून कोणी यावं आणि किती दिवस राहावं, याचा कागद वेगळा. फ्लॅट स्वतःच्या पैशांचा, पण परीक्षा संपल्यावर नातू महिनाभर राहायला येणार असेल तर कार्यालयाला अर्ज. ज्या काकूंनी उभा जन्म सासरचे पाहुणे न कळवता येताना पाहिले, त्यांना हा नियम खरं तर आवडायला हवा होता. तो आपल्याला न विचारता केला, म्हणून नाही आवडला.

1976 मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जागा अमेरिकेत, कनेक्टिकटमधलं एक शुश्रूषागृह. एका मजल्यावरच्या मंडळींना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या वारी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, सिनेमा दाखवला. पण पाणी परिचारिका घालणार आणि वार कर्मचारी ठरवणार. तीन आठवड्यांत पहिला मजला जास्त तरतरीत दिसू लागला. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटातले 15 टक्के वारले होते, दुसऱ्यातले 30 टक्के. माणसं शंभराच्या आत होती, तेव्हा कुंडीतल्या रोपाला लगेच संजीवनी म्हणून विकायला काढू नये. आपल्याकडे तो धोका तसाही नाही. आपल्याकडे रोपं आली, कुंड्या आल्या, आणि पाणी घालायला माळी आला.

नशीब, भोजनगृह आहे. आहारतज्ज्ञ बाईंचा मंत्र कमी तेल, कमी मीठ, कमी तिखट. आठवड्यातून दोनदा दुधी, एकदा पडवळ, आणि ज्या दिवशी भाजी कसली ते ओळखू येत नाही त्या दिवशी फलकावर 'मिक्स व्हेज'. नागपूरच्या आजी पर्समधून ठेच्याची बाटली काढतात. सोलापूरच्या काकांकडे शेंगाचटणी असते. चमचाभर चटणीच्या बदल्यात सकाळचं वर्तमानपत्र आधी वाचायला मिळतं, असा बाजारभाव आहे. आमटीत गूळ पडतो म्हणून पुणेकर तृप्त, त्याच आमटीपुढे कोल्हापूरकर हात जोडून बसलेले. साडेबारा ते सव्वा रणधुमाळी. दहाच्या स्मरणशक्तीच्या खेळात ज्या आजोबांना पाचातल्या दोन वस्तू आठवत नाहीत, तेच साडेबाराला गेल्या चार मंगळवारच्या भाज्या तारीखवार सांगतात. हा खेळ कुठल्याच वेळापत्रकात नाही, आणि गैरहजेरी मात्र शून्य.

मुलांना यातलं काही कळत नाही. त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो जातात: आई योगासनं करताना, बाबा फुगा फोडताना. जेवणावरून चाललेल्या भांडणाचा फोटो कोणी पाठवत नाही, नाहीतर पालकांची प्रकृती ठणठणीत असल्याची लेकरांची खात्री पटली असती. रविवारी सकाळी नऊला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या शनिवार रात्री, फोन येतो. "बाबा, गुरुवारच्या झुंबाच्या फोटोत तुम्ही दिसला नाहीत. बरं नाही का?" बाबा आता झुंबाला जातात. फोटो निघेपर्यंत.

सरकार निदान वर्षातून एकदाच विचारतं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा. 2014 पासून हा दाखला डिजिटल मिळू लागला, आणि आता तर फोनपुढे चेहरा धरायचा आणि सूचना आली की डोळे मिचकवायचे, की तुम्ही जिवंत. एका काकांनी नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली होती. यंत्राने त्यांना तीनदा नाकारलं. "भोजनगृहात आण तुझा फोन," ते मदतीला आलेल्या पोराला म्हणाले, "मी जिवंत आहे याचा तिथे सगळ्यांना त्रास आहे. हवे तेवढे साक्षीदार देतो."

लाल दोरीवाल्या त्याच वसाहतीत गेल्या महिन्यात क्रांती झाली. भोजन समिती आजवर व्यवस्थापन नेमायचं: दोन डॉक्टर आणि एक अतिशय विनम्र गृहस्थ. रहिवाशांनी निवडणूक मागितली. व्यवस्थापकांनी लेखी कळवलं की निवडणुकीमुळे ज्येष्ठांचा रक्तदाब वाढण्याची शक्यता आहे. ते पत्र सकाळी सूचनाफलकावर लागलं आणि संध्याकाळी शुद्धलेखनाच्या चार चुका लाल पेनाने दुरुस्त होऊन, खाली 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा घेऊन त्यांच्या टेबलावर परत गेलं.

निवडणूक झाली. जागा पाच. एक पॅनेल गुळाचं, एक बिनगुळाचं, आणि मधुमेहाच्या मुद्द्यावर 84 वर्षांच्या एक अपक्ष आजी. या आजींना रोज फिरायला न्यायला गेलं वर्षभर फिजिओथेरपिस्ट विनवण्या करत होता. प्रचारात त्यांनी वॉकर घेऊन सगळे मजले पालथे घातले आणि 'लिफ्टने फिरणारा उमेदवार' अशी समोरच्या पॅनेलप्रमुखाची संभावना केली. मतदानासाठी एक मतदार रुग्णालयातून लवकर सुट्टी घेऊन आला. एका जोडप्याने परस्परविरोधी मतं दिली आणि ते दोन दिवस वेगवेगळ्या टेबलांवर जेवले. अपक्ष आजी निवडून आल्या. पाचव्या जागेचा निकाल एका मताने लागला, म्हणून बिनगुळवाल्यांनी फेरमोजणी मागितली आहे.

ती सोमवारी सकाळी सहाला, प्राणायामाच्याच हॉलमध्ये. वातावरण निवळावं म्हणून व्यवस्थापकांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी बिनसाखरेचा शिरा जाहीर केला आहे. त्यावर आत्तापर्यंत अकरा लेखी हरकती आल्या आहेत.