रिव्हरडेल नको, भोसरी दाखवा

झोया अख्तर यांचा ‘द आर्चीज’ हा संगीतपट 7 डिसेंबर 2023 ला नेटफ्लिक्सवर आला. 1941 साली अमेरिकी कॉमिकमध्ये जन्मलेला लाल केसांचा आर्ची हिंदी बोलू लागला, 1964 सालात जाऊन बसला आणि अँग्लो-इंडियन झाला. कल्पना धाडसी होती. परक्या पोराला आपलं करायचं तर त्याला जात, धर्म, काळ, घर सगळं द्यावं लागतं, हे दिग्दर्शिकेनं ओळखलं होतं.

गाव मात्र दिलं नाही. सिनेमातलं रिव्हरडेल हे नकाशात नसलेलं थंड हवेचं ठिकाण. त्याला ना तालुका, ना शेजारचं खेडं. अँग्लो-इंडियन माणसं खरी राहिली ती भुसावळ, इगतपुरी, दौंडच्या रेल्वे वसाहतींत. त्यातलं एखादं गाव घेतलं असतं, तर इंजिनाचा धूर त्या फ्रॉकांना लागला असता आणि सिनेमा जिवंत झाला असता. 27 मे 1964 ला नेहरू गेले, देशात धान्याची टंचाई होती. त्या वर्षाची धग या रिव्हरडेलपर्यंत पोचत नाही.

तरी या सिनेमातली एक जागा फार आवडली. राजकारणाशी आपला काय संबंध, असं आर्ची म्हणतो आणि मित्रमैत्रिणी ‘एव्हरीथिंग इज पॉलिटिक्स’ गात-नाचत त्याचे कान उपटतात. भाषणानं जे जमलं नसतं ते गाण्यानं जमलं. संगीतपट करायचा तो यासाठी.

आता कथा बघा. लॉज नावाच्या धनिकाला गावची बाग घेऊन हॉटेल बांधायचंय आणि पोरं ती वाचवायला उठतात. जमीन कुणाची, विकास कुणाचा? हा प्रश्न पिंपरी-चिंचवडला नवा नाही. आमचं सगळं शहरच त्यावर उभं आहे.

1964 चा इथला देखावा डोळ्यांपुढे आणा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवतेय. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी जुळताहेत. 1962 ला एमआयडीसी स्थापन झालीय आणि भोसरीच्या शिवारात मोजणीच्या खुंट्या दिसू लागल्यात. चाकण अजून कांद्याच्या बाजाराचं गाव आहे. सकाळचा भोंगा होतो, हँडलला डबे अडकवलेल्या सायकलींचा लोंढा गेटाकडे वळतो, आणि त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला बैलगाडी मंडईला निघालेली असते.

यात पोरं घाला. जमीन जाणार म्हणून धास्तावलेल्या भोसरीच्या शेतकऱ्याचा मुलगा. कंपनीच्या कॉलनीतल्या साहेबाची मुलगी. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी घरातला, सदा भुकेला दोस्त. त्याच्या हातात बर्गरऐवजी दाल-पकवान. गाण्यांसाठी लांब जायला नको. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. टाळ-मृदंगाचं भजनी मंडळ आणि बैलगाडा शर्यतीचा घाट दाराशी. देहूच्या तुकोबांवरचा प्रभातचा 1936 चा संगीतपट व्हेनिसपर्यंत गाजला, हे विसरू नका.

मराठीत हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. ‘सौभद्र’ हे संगीत नाटक 1882 चं. ‘कट्यार काळजात घुसली’ 2015 साली थेटरं भरवून गेला. ‘शाळा’नं आणीबाणीतली नववीची पोरं अस्सल उभी केली. माणसं आहेत, गळे आहेत, प्रेक्षक आहेत.

नसते ती हिंमत. आपल्या घरचा आर्ची म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा किडकिडीत बन्या, सायकल आणि ते ‘ट्टॉक्’. 2017 ला आदित्य सरपोतदारांनी त्याच्यावर सिनेमा केला. अमेय वाघ छान, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्याची कथा वेगवान. पण शाळकरी बन्याला मोठा करून आजच्या पुण्यात आणलं आणि त्याचा काळ गेला. मोटारी तुरळक होत्या तेव्हाच्या रस्त्यांवर सायकल हाणणारा मुलगा आजच्या पोरांना बघायला मिळाला नाही. अमेरिकी आर्चीसाठी 1964 उभं करायला पैसा निघतो आणि बन्यासाठी निघत नाही, हे मला मान्य नाही.

आणि हे नुसतं जुन्याच्या ओढीनं म्हणत नाही. आळंदीला इंद्रायणीवर आज फेस तरंगतो. तो कुठून आला हे चाकणच्या कंपनीत पाळी करणाऱ्या पोराला कळायला हवं, आणि त्याची सुरुवात ज्या दशकात झाली ते दशक त्याला पडद्यावर दिसायला हवं. रिव्हरडेलची बाग वाचली म्हणून त्याच्या नदीत काही फरक पडत नाही.

निर्मात्यांनो, 1964 ला सोळा वर्षांचा असलेला इथला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून बसलाय. कपडेपट आणि सेट नंतर ठरवा. आधी भोसरीत, पिंपरी कॅम्पात, आकुर्डीत जाऊन त्याच्यासमोर वही उघडा. तो आहे तोवरच हा सिनेमा लिहून होईल.