आबांना सुट्टी झाली

शहरात बायपास होऊन सुट्टी झाली, की पाचोडच्या माणसाची बाज ओसरीवर येते आणि घराचा कारभार त्या बाजेवरून सुरू होतो. अशी एक तरी बाज गल्लीगणिक सापडेल. तिच्यावरच्या माणसाला आपण आबा म्हणू. वय साठीच्या पुढे, रान पाच-सहा एकर, त्यात दोन एकर मोसंबी. आजारपणाआधी हे गृहस्थ दिवसाउजेडी घरात दिसल्याचं कुणाला आठवत नाही.

दवाखान्यात आबा गरीब गाय होते. नर्सने ‘बाबा, श्वास ओढा’ म्हटलं की ओढत, ‘गप पडा’ म्हटलं की पडत. धुळे-सोलापूर महामार्गावर आडूळ मागे पडलं तसा आवाज सुटू लागला आणि पाचोडच्या फाट्यावर पहिला हुकूम निघाला, ‘‘गाडी हळू घे, टाके हायेत!’’

छातीचं हाड सांधायला सहा-आठ आठवडे जातात. तोवर जड उचलायचं नाही, नातू कडेवर घ्यायचा नाही, मोटारसायकलला हात लावायचा नाही. खोकताना उशी छातीशी गच्च धरायची. डॉक्टरांचं यातलं एवढं शेवटचंच आबांना मनापासून पटलं. उशी पोटाशी धरून ते दिवसभर बसतात आणि गरजेप्रमाणे खोकतात. एकदा खोकले तर चहा, दोनदा खोकले तर मोबाइल चार्जिंगला लावायचा, लांबलचक खोकले तर दारात आलेला माणूस उधारीवाला आहे, ‘आबा झोपलेत’ म्हणून सांगायचं. सूनबाईला ही लिपी आठवड्यात वाचता येऊ लागली. खरा खोकला आला त्या दिवशी मात्र कुणी हललं नाही.

श्वासाच्या व्यायामाला दवाखान्याने तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलंय. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. आबांची एक चढते, दुसरी थरथरून खाली बसते. सात वर्षांच्या नातवाने एका दमात तिन्ही चढवल्या आणि वर टाळ्याही वाजवल्या. तेव्हापासून आबा व्यायाम भल्या पहाटे करतात, कुणी उठायच्या आत.

भेटायला येणाऱ्यांचा दिवस रविवार. त्या दिवशी गावचा आठवडी बाजार असतो, तेव्हा आसपासच्या गावांतली सोयरी-धायरी एका फेरीत दोन कामं उरकतात. मेथीची जुडी पिशवीत, पिशवी मांडीवर आणि तोंडी एकच प्रश्न, ‘‘कसं काय झालं हो दाजी?’’ मग आबा सुरुवातीपासून सांगतात. छातीत कळ आली तेव्हा ते कपाशीत होते, की बांधावर, की पाणी देत होते, हे पाहुण्याच्या मानावर ठरतं. ऑपरेशन ‘जीवनदायी’त झालं. 2017 पासून तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण आबांच्या तोंडी 2012 चंच नाव बसलंय.

पाहुण्यांच्या हातातलं फळही बघण्यासारखं. उभ्या महाराष्ट्रात आजाऱ्याला मोसंबी नेतात. पाचोडच्या बाजारात तर ती टनावर विकली जाते. पण इथे आजाऱ्यापुढे मोसंबी ठेवणं म्हणजे त्याच्याच घरचा आहेर त्यालाच करणं, म्हणून येतात ती सफरचंदं. आबा सफरचंद नातवाकडे सरकवतात आणि विचारतात, ‘‘मोसंबी आज काय टनानं गेली?’’ आकडा ऐकल्यावर नाडी बघू नये.

बाज ओसरीच्या ज्या कोपऱ्यात टाकलीय तिथून बाग दिसते. ही मुलाची कल्पना, कुठेतरी वाचलेली. रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1984 साली दाखवून दिलं होतं, की ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्यावरची जबर औषधंही कमी लागली. खरं असेल. पण ती झाडं त्या पेशंटांच्या मालकीची नव्हती. आबांना झाड दिसत नाही, फळगळ दिसते. एक मोसंबी खाली पडली की ते उशी सोडून अर्धे उठतात. ‘‘फवारणी कुणी केली व्हती रं?’’ शेवटी आजींनी मधे साडी वाळत घातली. रक्तदाब उतरला. उलरिचसाहेबांनी हा प्रयोगही करून बघायला हवा होता.

आजींचं काय सांगावं! गावात आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. बायाबापड्यांच्या, लेकराबाळांच्या तब्येतीसाठी तिची माणसं वर्षानुवर्षं खेडोपाडी फिरली. पण कर्ता पुरुष दिवसभर घरात बसला तर त्याला कसा आवरावा, याचं शिक्षण अजून कुठेच निघालेलं नाही. ते आजींनी स्वतःचं स्वतः घेतलं. गोळ्या त्या रंगावरून ओळखतात, वेळ उन्हावरून. सगळ्यांना ठेच्याबरोबर भाकरी आणि आबांना दोडक्याची अळणी भाजी वाढून त्या समोर बसतात, ताट रिकामं होईपर्यंत. आबा म्हणतात, ‘‘याच्यापरीस दवाखाना बरा व्हता.’’ आजी म्हणतात, ‘‘सोडून यावं का परत?’’ आबा मुकाट्याने भाकरी कुस्करतात. दवाखान्यात रात्री जाग आली तर यंत्राचं टूंऽ टूंऽ ऐकू यायचं. इथे जाग आली की आधी हाताला आजींचा हात लागतो आणि मागून आवाज येतो, ‘‘दुखायलंय का?’’ दुखत नसलं तरी ते ‘जरासं’ म्हणतात.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय, आता हळूहळू रानात जायला हरकत नाही. आबांचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर त्यांनी मुलाला स्वतःच्या पैशाने उसाचा रस पाजला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. घरी आल्याबरोबर बाजेवर बसून उशी कवटाळली.

‘‘काय म्हनले डाक्टर?’’ आजींनी विचारलं.

‘‘आजून महिनाभर जपा म्हनले.’’

आजींनी मुलाकडे पाहिलं. मुलगा चपला काढण्यात फार गुंतला होता.

‘‘बरं,’’ आजी म्हणाल्या, ‘‘मंग मीठबी महिनाभर बंदच.’’

‘‘मिठाचं त्ये काय बोलले न्हाईत,’’ आबा घाईघाईने म्हणाले.