राऊटरला खोटं नाव सांगा

2003 मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी54जी राऊटरचा सोर्स कोड खुला केला, पुढच्याच वर्षी त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची प्रणाली निघाली आणि हौशी मंडळी एसएसएचने राऊटरच्या पोटात शिरू लागली. पोट तरी केवढं? 4 एमबी फ्लॅश, 16 एमबी रॅम. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला 'शुभ सकाळ'चा व्हिडिओसुद्धा त्या फ्लॅशमध्ये मावायचा नाही.

आता तुमचं टर्मिनल अगदी नवं, ग्राफिक्स कार्डावर पळणारं, नाव किटी. राऊटरवर लॉगिन करून ऐटीत एचटॉप हा चालू कामं दाखवणारा प्रोग्राम सुरू करा. बहुधा एकच ओळ येईल: 'एक्सटर्म-किटी' टर्मिनल उघडता येत नाही. पुढे टिंब. विषय संपला.

राऊटर अगदी तलाठी कार्यालयातल्या कारकुनासारखा वागतो. तुम्ही कोण, हे तो तुमच्याकडे बघून ठरवत नाही. रजिस्टरात नाव असेल तर तुम्ही आहात. रजिस्टर म्हणजे टर्मइन्फो. कर्सर कसा हलवायचा, पडदा कसा पुसायचा, रंग किती, हे एनकर्सेस लायब्ररी वापरणारा एचटॉपसारखा प्रोग्राम त्यातल्या नोंदीत बघतो. मोठ्या लिनक्सवर अशा नोंदींचा ढीग असतो. राऊटरवर जागेअभावी मोजक्याच ठेवतात, आणि त्यात मान कुणाला? व्हीटी100 ला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं 1978 चं टर्मिनल, एकरंगी, 80 रकाने, 24 ओळी. अस्सल व्हीटी100 आता पाहायचं तर संग्रहालय गाठावं, पण नोंद शाबूत!

मग टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या टर्म या व्हेरिएबलमध्ये व्हीटी100 लिहा. एचटॉप निमूटपणे उघडतं. हे खोटं पचतं, कारण किटीलाही व्हीटी100 ची भाषा येते. आजोबांची बोली घरात अजून चालते. रंगांचा सोस असेल तर 'एक्सटर्म-256कलर' म्हणून बघा.

सीरियल केबलने जाणाऱ्यांची गंमत वेगळीच. एसएसएच खिडकीचा आकार पलीकडे कळवतं. सीरियलच्या तारांना तशी सोय नाही. त्यामुळे ऐसपैस 27 इंची मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यात 80 बाय 24 चा संसार थाटला जातो. एसटीटीवाय ही आज्ञा चालवून ओळी आणि रकाने हाताने भरा, तेव्हा कुठे पाय पसरता येतात.

एवढी कटकट कशाला, राऊटर कंपनीचं अ‍ॅप आहे ना, असं काही सुज्ञ म्हणतील. आहे की! 80 गुणिले 24 म्हणजे 1920 अक्षरांत जे काम होतं, त्यासाठी ते शंभरेक एमबी उतरवून घेतं, ईमेल मागतं, खातं उघडायला लावतं. वायफायचा पासवर्ड बदलायचा म्हटलं तर लोकेशनची परवानगीही मागतं. राऊटर काय रात्री शतपावलीला जातो?