भुताला चालतो, हिरोला नको

जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा 1968 चा अमेरिकन थरारपट फुकट बघता येतो. आयत्या वेळी सिनेमाचं नाव बदललं, नव्या पाटीवर हक्काची ओळ घालायला वितरक विसरला आणि तिथल्या तेव्हाच्या कायद्याने सिनेमा सगळ्या जगाचा झाला. एखाद्या कलाकृतीकडे मोकळ्या मनाने बघायला रत्नागिरीकराला एवढं कारण पुरतं. आमच्या आळीतल्या एका घरी, पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातवाने भर पावसाच्या रात्री तो टीव्हीवर लावला. शेजारपाजार ओटीवर जमला. वाद सुरू व्हायला सिनेमा संपायची वाट कोणी बघितली नाही.

पहिली हरकत अर्थातच खर्चाची. सगळा सिनेमा सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरात उरकलेला, तोही काळा-पांढरा. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. पैसे घालणाऱ्यांत एकजण मांसाच्या धंद्यातला, त्यामुळे पडद्यावरची भुतं जे चघळतात ते अस्सल. “चॉकलेट? फुकट घालवलेनीत,” असं म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तांत्रिक बाजूचा निकाल लावला.

दुसरी हरकत जरा नाजूक होती. एका आडबाजूच्या घरात माणसं अडकलेली, बाहेर मुडदे चालून येतायत आणि एक उंच, काळा माणूस टेबलं मोडून, दारं उखडून खिडक्यांना फळ्या ठोकतोय. काका बराच वेळ शांतपणे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “काय रे, हिरो कधी यायचा?”

“आजोबा, मघापासून फळ्या कोण ठोकतंय?” नातू म्हणाला.

“तो? तो सुतार नव्हे?”

तो ड्वेन जोन्स. रोमेरोने सांगून ठेवलंय की चाचणीत हाच सगळ्यांत सरस निघाला म्हणून त्याला घेतलं. अख्ख्या सिनेमात त्याच्या रंगाविषयी एक अक्षर कोणी काढत नाही, भुतंसुद्धा नाही. ती कसर ओटीवर भरून निघाली. “नाकीडोळी नीटस आहे हो, जरा उजळ असता तर...” वहिनी म्हणाल्या. जणू स्थळ सांगून आलं होतं! गुरुजींनी विचारलं, “पंढरपूरचा काय गोरा आहे?” त्यावर वहिनींचं उत्तर बिनतोड होतं. “त्याचं लग्न झालेलं आहे.”

वहिनी रंगद्वेष्ट्या आहेत असं कोणी समजू नये. 2019 साली स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली तेव्हा त्यातल्या सावळ्या नायिकेचे, दीपाचे, हाल बघून याच वहिनींनी पदर ओला केला होता. काळ्या मुलीला हिणवू नये, हा त्या मालिकेचा विषय. त्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला काळा रंग लावण्यात आला. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत उन्हात तळलेल्या या महाराष्ट्रात सावळी मुलगी काही सापडेना! सापडली असती तर तिलाही बहुधा आधी गोरी करून मग काळी केली असती.

तसं मराठी पडद्याने काळ्या रंगाला उपाशी ठेवलेलं नाही. मांत्रिक आहे, गुंड आहे, देवचार आहे. जंजिऱ्याचे सिद्दी मूळ आफ्रिकेतले, तीन शतकांहून अधिक काळ किल्ला राखून असलेले. पण त्यांच्यातला कोणी पडद्यावर आला की पार्श्वसंगीतच आधी बिघडतं. फळ्या ठोकून चारचौघांना वाचवायचं काम मात्र त्यांच्याकडे जात नाही.

गंमत म्हणजे पडद्यावर आपल्याला वाईट दाखवलं की कसं झोंबतं, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. 2016 साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताटकीची मालिका आली तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून ओरडा झाला, त्यात काकांचा आवाज वरच्या पट्टीतला होता. भुताटकी म्हणजे कोकण नव्हे, समजलेत? पुढे मालिकेतला वाडा आकेरीचा, म्हणजे सिंधुदुर्गातला, असं कळलं आणि काका निवळले. तो जिल्हा 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळा झालाय. भुतं त्यांच्या वाटणीला गेली.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही नाही. 2017 साली जॉर्डन पीलने ‘गेट आउट’ हा भयपट काढला. नायक काळा, खर्च 45 लाख डॉलर, कमाई 25 कोटींच्या वर. पटकथेचं ऑस्कर मिळालं. गोल्डन ग्लोबवाल्यांनी मात्र त्याला विनोदी सिनेमांच्या रांगेत बसवलं. मग हा माहितीपट आहे, असं पीलनेच जाहीर करून टाकलं.

इकडे ओटीवर सिनेमाचा शेवट आला. रात्रभर भुतांना पुरून उरलेला नायक सकाळी खिडकीशी येतो, आणि सोडवायला आलेले बंदूकवाले त्यालाच भूत समजून गोळी घालतात. “गैरसमज झाला,” काका म्हणाले. नातवाने सांगितलं, रोमेरो तयार सिनेमा गाडीत टाकून न्यूयॉर्कला निघाला होता तेव्हा रेडिओवर मार्टिन लूथर किंगच्या खुनाची बातमी लागली. काका गप्प झाले, पण हरले नाहीत. “तरी पण, सिनेमात तसं कुठे म्हटलंय?”

कुठेच म्हटलेलं नाही, काका. ते सगळं ओटीवर म्हटलं गेलं.

बघायचा असेल त्यांनी जरूर बघा, 96 मिनिटांचा आहे. फळ्या ठोकतो तोच हिरो, एवढं आधीच सांगून ठेवतो.